लोहाच्या गोळ्या मध्येच सोडू नकोस

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

हिमोग्लोबिन १०.८ भरल्यामुळे शिबिरात तुला रक्तदान करता आले नाही, हे कळले. रक्तदात्याचे हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे हा नियम तुझ्याही रक्षणासाठी आहे, म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पण पंधरा दिवसांत फरक दिसला नाही म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करण्याचा तुझा विचार मला मुळीच पटलेला नाही.

छातीचे मधले हाड, बरगड्या, मणके आणि कमरेची हाडे यांच्या आतील अस्थिमज्जेत रक्ताच्या मूळ पेशी असतात आणि तांबड्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट या सर्व त्यांच्यापासूनच तयार होतात. रक्तातील प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि मज्जा तांबड्या पेशींचे उत्पादन वाढवते. त्या पेशी वाढताना स्वतःत हिमोग्लोबिन भरून घेतात, शेवटी आपले केंद्रकही बाहेर टाकतात आणि मगच रक्तात उतरतात. निरोगी शरीरात अशा सुमारे वीस लाख पेशी दर सेकंदाला तयार होतात, हे वाचताना मला आजही नवल वाटते.

हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूला लोहाचे चार अणू लागतात. जुन्या पेशी मोडल्यावर त्यांतील लोह शरीर जपून पुन्हा वापरते, परंतु मासिक पाळीत जे बाहेर जाते ते अन्नातूनच भरून काढावे लागते. लोह अपुरे असले की मज्जा लहान आणि फिकट पेशी घडवते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे टंचाईच्या काळात घडलेल्या पेशी अजून तुझ्या रक्तात फिरत आहेत आणि नव्या, भरलेल्या पेशी हळूहळूच त्यांची जागा घेतील. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही यकृत आणि मज्जेतील साठा भरण्यासाठी साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

तुझ्या गोळीत फॉलिक ॲसिडही आहे. पेशींच्या विभाजनाला ते लागते, आणि त्याच्या शोधाची वाट आपल्या मुंबईतून जाते: १९२८ च्या सुमारास ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी येथील गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवून दिले; त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक ॲसिड, हे पुढे कळले.

गोळी चहाबरोबर घेऊ नकोस. लिंबाच्या सरबताबरोबर घेतलीस तर लोह अधिक शोषले जाईल. पोटाला त्रास झाल्यास डॉक्टरांना विचारून वेळ बदल, आणि महिन्याने पुन्हा तपासणी करून अहवाल मला पाठव.

तुझी,
आई