थकव्याचा दोष रुग्णाच्या श्रद्धेवर नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील श्रद्धा आणि ध्यानावरचा लेख काल दोनदा वाचला. ध्यानाने कर्करुग्णाचा थकवा हलका होतो, याबद्दल माझा वाद नाही. श्रद्धा जितकी दृढ तितका थकवा कमी, असे लेखिकेने लिहिले आहे, त्याबद्दल आहे.

माझ्या पत्नीला हेच गेल्या मे महिन्यात तोंडावर ऐकावे लागले. स्तनाच्या कर्करोगाच्या केमो नुकत्याच संपल्या होत्या. हा थकवा घरच्यांनाही लवकर कळत नाही. दहा तास झोपूनही उठताना अंगात जीव नसतो. ती पोळीचा तुकडा मोडतानाही दमायची. शहरातल्या एका रुग्णालयात दर बुधवारी ध्यानाचा वर्ग असे. डोळे मिटले की तिला झोप लागे. तिसऱ्या बुधवारी वर्ग घेणाऱ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘‘काकू, तुमची श्रद्धा कमी पडते आहे.’’ परतताना ऑटोत ती मला विचारत होती, ‘‘माझंच चुकतंय का हो?’’

दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल उघडली. हिमोग्लोबिन ७.१. रिपोर्ट त्याच फाइलला लावलेला होता, आठ दिवसांपासून. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्यावर ती आधाराशिवाय अंगणापर्यंत चालली.

रक्त कमी असणे, थायरॉइड, झोप, वेदना, उदासी हे सगळे आधी तपासायचे असते. लेखात यावर एक ओळ नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये थकव्यासाठी ध्यानाचे कार्यक्रम सुचवले, हे खरेच. पण त्याच यादीत व्यायाम आणि मानसोपचारही आहेत. ते लेखिकेने का गाळले?

श्रद्धेचे म्हणाल तर माझ्या पत्नीचे माहेर तिवसा तालुक्यातले. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरी आश्रमाची सामुदायिक प्रार्थना ऐकतच ती वाढली. आता रोज संध्याकाळी दिवाणावर तक्क्याला टेकून तीच प्रार्थना म्हणते, संपल्यावर थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देते. तिला बरे वाटते, हे मी रोज बघतो. शेजारच्या भाऊंना आनापानाने, म्हणजे विपश्यनेतल्या श्वासावरच्या ध्यानाने, बरे वाटते. ज्याचे त्याला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा देह १९६८ मध्ये कर्करोगानेच गेला. त्यांची श्रद्धा कमी पडली, असे म्हणायची कुणाची छाती आहे?

आणखी एक. त्याच पानावर खाली कर्करोग मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णाची पाव पान जाहिरात आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे आपल्या जाहिरात विभागाला ठाऊक नाही का? वर श्रद्धा वाढवा, खाली चूर्ण घ्या; घाबरलेला माणूस दोन्ही एकत्रच वाचतो. ती जाहिरात कृपया पुन्हा छापू नका.

आपला,
एक जुना वाचक, नागपूर