मतदार यादीतलं नाव

स्कारबरो, टोरांटो
२२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर एक गोष्ट सांगायची होती, पण जीभ रेटली नाही. म्हणून लिहितोय. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, म्हणजे आईच्या डोळ्यांना ताण नको.

इकडे सगळे बरे आहेत. बर्फ अजून आहेच. रात्री यंत्र रस्ता साफ करून जातं आणि सारलेला बर्फ प्रत्येकाच्या दाराशी बांधासारखा साचतो. ताजा बर्फ कापसासारखा उचलला जातो, हा बांध मात्र फावड्याच्या कडेनं ठोकून फोडावा लागतो. सकाळी सातला सगळी गल्ली त्याच कामाला लागलेली असते. बोलणं थंडीवरून सुरू होतं आणि चार फावडी होईपर्यंत महापालिकेवर येतं. बस किती मिनिटांनी येते, सायकलसाठी वेगळा पट्टा हवा की नको, घरफाळा यंदा किती वाढला. आपल्या चौकातल्या कट्ट्यावर चालतं तेच, फक्त आवाज खालच्या पट्टीतला.

समोरच्या आजींबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. ऐंशीच्या पुढच्या आहेत, जन्म इथलाच. त्यांच्या लेखी स्कारबरो हे अजूनही वेगळं शहर आहे. १९९८ पर्यंत ते खरंच होतं. इथे स्वतःचा महापौर होता, स्वतःची महापालिका होती. १९७३ साली बांधलेली तिची देखणी पांढरी इमारत आजही उभी आहे. मग ओंटारिओ प्रांताच्या सरकारनं (आपल्या राज्य सरकारासारखंच) सहा पालिका एकत्र करून एकच टोरांटो केलं. त्याआधी, १९९७ च्या मार्चमध्ये लोकांचा कौल घेतला होता. चारांतल्या तिघांनी नको म्हटलं, तरी झालंच. आजी हे सांगताना फावडं बर्फात रोवून थांबल्या होत्या. एवढ्या वर्षांनीही त्यांचा आवाज कापत होता.

मला आपल्या जेवणाच्या खोलीतली हद्दवाढ आठवली. बाबा म्हणणार, १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून कोल्हापूरची हद्द आहे तिथंच आहे, शहर वाढायचं कसं? आणि आई भाकरी थापता थापता म्हणणार, शहराला लागून असलेल्या आमच्या उचगावचा घरफाळा तेवढा वाढेल, नळाला पाणी कोण देणार? मी आजींना म्हटलं, माझ्या घरातलं एक मत तुमच्या बाजूचं आहे, माझ्या आईचं. त्यांनी आईचं नाव विचारून घेतलं. आता भेटल्या की तिची चौकशी करतात.

शेजारचे तमिळ काका जाफन्याहून ऐंशीच्या दशकात आले. त्यांच्या मनात २०१८ साल आहे. पालिका निवडणुकीचा प्रचार ऐन रंगात असताना प्रांत सरकारनं प्रभाग ४७ वरून २५ वर आणले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २०२१ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालानं सरकारचं म्हणणं टिकलं. म्हणजे अठ्ठावीस लाखांच्या शहराला २५ नगरसेवक, एकेकाच्या वाट्याला लाखाहून जास्त माणसं. आपल्याकडे ८१ आहेत म्हटल्यावर काका बघतच राहिले. इथे पालिकेला पक्ष नसतात, चिन्हंही नसतात. मतपत्रिकेवर नुसती नावं. २०२३ च्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत १०२ उमेदवार होते! निवडून आलेल्या ऑलिव्हिया चाऊ तेरा वर्षांच्या असताना हाँगकाँगहून इथे आल्या होत्या.

एगलिंटनची नवी रेल्वे ८ तारखेला सुरू झाली. ही इथली थेट पाइपलाइनच समजा, तशीच रखडलेली. काम सुरू झालं २०११ ला, धावायची होती २०२० ला. बाबा, काळम्मावाडी धरणाचं पाणी कोल्हापुरात येईपर्यंत तुम्ही किती निवेदनं दिलीत ते मी पाहिलंय, त्यामुळे पहिल्याच दिवशी धाकटीला घेऊन गेलो. आजींनाही नेलं. एकोणीस किलोमीटर, पंचवीस स्थानकं. आजी खांबाला धरून उभ्याच राहिल्या, बसा म्हटलं तरी बसेनात. प्रत्येक स्थानकाचं नाव मोठ्यानं वाचत होत्या आणि डब्यातली अनोळखी माणसं त्यांच्या सुरात सूर मिसळत होती.

परतताना त्यांनी सहज विचारलं, ऑक्टोबरमध्ये मत कुणाला देणार? २६ ऑक्टोबरला इथे निवडणूक आहे. मी म्हटलं, मला मत नाही. इथे घर घेतलं, घरफाळा भरतो, पालिकेच्या समितीपुढे उभं राहून बोलताही येतं, पण मत फक्त नागरिकाला. कायम रहिवाशांनाही मत द्यावं अशी मागणी टोरांटोच्या पालिकेनंच २०१३ मध्ये प्रांताकडे केली होती. तसा कायदा अजून झालेला नाही.

बाबा, १५ जानेवारीला तुम्ही शाईच्या बोटाचा फोटो पाठवलात. पाच वर्षं प्रशासकाच्या हाती गेल्यावर आलेलं मतदान. गुडघा दुखत असताना आईसुद्धा रांगेत उभी राहिली. त्याबरोबर यादीच्या पानाचाही फोटो होता, तुमच्या दोघांच्या खाली माझं नाव, आणि तुम्ही लिहिलंत, "अजून आहेस." तो फोटो मी किती वेळा उघडून पाहिला असेन!

मी कॅनडाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केलाय. परीक्षाही झाली. शपथेचं पत्र उन्हाळ्यापर्यंत यावं. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट परत करावा लागेल. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड, काढलं की येण्याजाण्याला व्हिसा लागणार नाही. शेताची काळजी करू नका. नवीन शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारसानं आलेली ठेवता येते, मी वकिलांना विचारलंय. हे सगळं तुम्हाला आधी विचारून करायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाल याची भीती वाटली, आणि तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी केलं नसतं, हेही खरं आहे. पण ज्या गावात लेकीची शाळा आहे, तिथल्या कारभारावर नुसतं बोलत राहणं मला जमेना. तुमच्याकडे पाहत मोठा झालोय.

शपथ झाली की तिकडच्या यादीतून नाव काढावं लागेल. त्याला फॉर्म ७ असतो. तो तुम्हाला भरायला सांगणार नाही. दिवाळीला येतोय, तेव्हा आपण दोघं मिळून जाऊन देऊ. तोवर ते पान असू दे.

आईला गुडघ्याचा पट्टा रोज बांधायला सांगा. रविवारी फोन करतो. रागावला असाल तरी उचला.

तुमचा,
बाळू