तुम्हा सगळ्यांचे आभार

मिरगाच्या तोंडावर माझा धाकटा भाऊ झोपेनासा झाला. वय 19. रात्रभर खळ्यात उभा राहून कुणाशी तरी बोलायचा, जेवणात विष घातलंय म्हणून ताट सरकवायचा. आम्ही गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला.

आशा सेविका ताई, तुम्ही आम्हाला रागावला नाहीत. "देवाचं करा, पण डॉक्टरकडे याच आठवड्यात," म्हणालात आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर स्वतः लावून दिलात. फोनच्या पलीकडच्या ताई, हा सायकोसिस, म्हणजे भास आणि संशय खरेच वाटू लागतात असा मनाचा आजार, असू शकतो, उपचार लवकर सुरू झाले तर सावरायला मदत होते, हे तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. त्याला ऐकू येणारे आवाज खरे की खोटे यावर वाद घालू नका, त्याची भीती मात्र खरी आहे, हेही. (आम्ही रोज वादच घालत होतो.)

रत्नागिरीच्या एसटीतले वाहकदादा, तुम्ही त्याला पुढची खिडकी दिलीत. आई अजून ते सांगते.

डॉक्टर, तुम्ही आधी त्याच्याशी बोललात, मग आमच्याशी. बरं वाटलं तरी गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे तीनदा बजावलंत.

आणि नाखवा, नारळी पुनवेला होड्या सुटल्या तरी त्याची जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला दिली नाहीत.

यंदा गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची माटवी त्यानेच बांधली आहे. आरतीला या.