‘चालू स्थितीत’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,

आपल्या छोट्या जाहिरातींत ‘जुना गिटार ॲम्प्लिफायर विकणे आहे, चालू स्थितीत’ अशी ओळ वरचेवर दिसते. ‘चालू स्थितीत’चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की बटण दाबले की दिवा लागतो आणि आवाज येतो. नव्याने गिटार शिकणारी मुले आणि त्यांचे पालक तेवढ्या भरवशावर पैसे मोजतात, म्हणून हे पत्र. जुना ॲम्प घेण्यात काहीच गैर नाही. फक्त कोणता बिघाड किरकोळ आणि कोणता ॲम्पच्या किमतीपेक्षा महागात पडणारा, हे घेणाऱ्याला ओळखता आले पाहिजे.

पाहायला जाताना स्वतःची गिटार आणि खात्रीची केबल न्यावी, नाहीतर प्रत्येक दोषाचे खापर केबलवर फुटते. ॲम्प लावण्याआधी मागची पट्टी वाचावी. 120 व्होल्टसाठी बनवलेला ॲम्प 230 व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला, तर फ्यूज तरी उडतो नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळतो. प्लगची अर्थिंगची पिन कापलेली असेल किंवा फ्यूजवर चंदेरी कागद (फॉइल) गुंडाळलेला असेल, तर तो ॲम्प लावूच नये. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे सतत त्या तारांवर असतात, हे लक्षात घ्यावे.

मग गिटार न जोडता, सगळे नॉब शून्यावर ठेवून ॲम्प चालू करावा आणि स्पीकरकडे पाहावे. हलकासा ‘ठप्’ आवाज चालतो. पण स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा कागदी पडदा, पुढे किंवा मागे ढकलला जाऊन तिथेच थांबला, तर तत्काळ बंद करावा. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन स्पीकरच्या कॉइलमधून डीसी वाहत असतो आणि कॉइल बघता बघता जळते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही मोठी घरघर येत असेल, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर (आतली वीज साठवून सुरळीत करणारे भाग) वाळले असण्याची शक्यता सर्वात जास्त. ते बदलता येतात, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. याउलट, गिटार जोडल्यावर येणारी आणि तारांना हात लावताच कमी होणारी घरघर ॲम्पची नसते. त्यासाठी ॲम्प नाकारू नये.

नॉब फिरवताना होणाऱ्या खरखरीला लोक उगाच घाबरतात. पॉटमध्ये, म्हणजे नॉबच्या मागच्या फिरत्या भागात, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून तो वीसेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, की बहुधा काम होते. एकाच जागी आवाज पूर्ण तुटत असेल, तर आतला कार्बनचा पट्टा झिजलेला आहे. पॉट बदलावा, तो स्वस्त असतो. इनपुटची पिन हलवल्यावर आवाज येत-जात असेल, तर बहुधा सोल्डर सुटलेले असते. स्वस्त ॲम्पमध्ये जॅक (केबल खोचण्याचे भोक) थेट सर्किटच्या बोर्डावर टाकलेला असतो, आणि केबलला बसणारा प्रत्येक हिसका त्या जोडावर येतो. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिले, तर जॅकच्या पायाभोवती केसाएवढी बारीक काळी गोल चीर दिसते. जुने सोल्डर काढून नवे टाकायला दहा मिनिटे लागतात.

एक युक्ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आवाज क्षीण झाला असेल किंवा मध्येच गायब होत असेल आणि मागे (बाहेरचे इफेक्ट जोडण्यासाठीचे) ‘सेंड’ व ‘रिटर्न’ असे दोन जॅक असतील, तर त्या दोघांत एक छोटी केबल जोडून पाहावी. आवाज खणखणीत परत आला, तर दोष रिटर्न जॅकच्या आतल्या मळलेल्या पत्तीचा. ‘बंद पडला’ म्हणून मातीमोल विकला जाणारा ॲम्प कधी कधी एवढ्यावर बरा होतो. हेडफोनच्या जॅकमधील पत्ती मळली तरी स्पीकर असाच गप्प होतो.

स्पीकर तपासायला मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून कोन सारख्या दाबाने हळूच आत ढकलावा. खर्रकन घासल्यासारखे वाटले, तर कॉइल जागेवरून सरकली आहे. एक वायर सोडवून मल्टिमीटर लावल्यास 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच दाखवले नाही, तर कॉइल तुटली.

यानंतर अर्धा तास ॲम्प वाजवत राहावा. पाच मिनिटांत छान वाजणारे पुष्कळ ॲम्प तापल्यावर गडबडतात, कारण उष्णतेने धातू फुगतो आणि सोल्डरमधली चीर उघडते.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या, ॲम्पला काळजी जास्त. तो स्पीकरशिवाय कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो आणि तोच सगळ्यात महागडा भाग. मागे लिहिलेले ओहम आणि स्पीकरचे ओहम जुळावेत. पेन्सिलीने छोट्या व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारावी. स्पीकरमधून टणत्कार आला, तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. मोठ्या व्हॉल्व्हच्या आतली धातूची पट्टी लाल होत असेल, तर बंद करून परत द्यावा. व्हॉल्व्हचा कोणताही ॲम्प घरी उघडू नये. आत तीनशे ते पाचशे व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही कपॅसिटर ते धरून ठेवू शकतात.

वॅटच्या आकड्याला भुलू नये. 100 वॅट म्हणजे 10 वॅटच्या दहापट मोठा आवाज नव्हे. कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. घरी सरावाला 10 ते 20 वॅट भरपूर होतात. डिजिटल ॲम्प असेल, तर त्याचा मूळ ॲडॅप्टर मागून घ्यावा. काहींना डीसी लागतो, काहींना एसी, आणि डीसीमध्येही मधली पिन कुठे ऋण असते तर कुठे धन.

आपल्याला विनंती आहे, की अशा जाहिरातीत वॅट, व्होल्टेज, स्पीकरचे इंच व ओहम आणि ॲम्प व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा, एवढे लिहिण्यास विक्रेत्यांना सांगावे. यातले बरेचसे बहुधा ॲम्पच्या पाठीवर किंवा स्पीकरवरच छापलेले असते.

आपला,
ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक वाचक