तिकीट दलालांना रेल्वेचा न्याय लावा

मोठ्या कार्यक्रमांच्या ऑनलाइन तिकिटांच्या काळ्या बाजाराविरोधातील जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळल्याची बातमी वाचली. कायदा करणे हे सरकार व विधिमंडळाचे काम, हे न्यायालयाचे म्हणणे मान्य. मग सरकारने ते करावे. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमाचे २,५०० रुपयांचे तिकीट लेकीच्या हट्टापायी मी एका पुनर्विक्रेत्याकडून ११ हजारांना घेतले. हाती आला फक्त स्क्रीनशॉट, तोही नोंदणी क्रमांकावर काळी रेघ मारलेला. तिकीट म्हणे कार्यक्रमाच्या दिवशी स्टेडियमच्या फाटकाशी मिळेल! तोच स्क्रीनशॉट आणखी किती जणांना विकला असेल, कोण जाणे. चूक माझीच. पण रेल्वे तिकिटांच्या दलालाला १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १४३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. करमणुकीच्या तिकिटांसाठीही तशीच स्पष्ट तरतूद येत्या अधिवेशनात आणावी.

– एक वाचक, डोंबिवली