समुद्र नसलेल्या गावाचा कचरा

मा. संपादक साहेब,

नमस्कार. जानेवारीत आम्ही चौघं वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत कयाकनं, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीनं गेलो, समुद्र वाचवा म्हणून. त्याचा फोटो आपल्या पेपरात आला, आभारी आहे. पण फोटोखाली दोनच ओळी आल्या आणि सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. लांबलं आणि कापायचं झालं तर वरचं कापा, खालचं ठेवा.

भेटेल तो पहिल्यांदा विचारतो, बेळगावला समुद्र कुठाय ओ? घरी आई पण तेच, "या वयात हे काय करूलालाय रे, पोहायला तरी नीट येतं काय?" येतं, पण विहिरीतलं. मुंबईचा कौस्तुभ खाडे एकटा मुंबई ते गोवा वल्हवत गेला, पुढं अख्खा पश्चिम किनारा केला, ते वाचल्यापासून डोक्यात किडा होता. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला चार महिने रविवारी प्रॅक्टिस केली. तिथलं पाणी म्हणजे वाटीतली आमटी, समुद्र तसला नसतो हे रेडीच्या पुढं पहिल्याच दिवशी कळलं, दोघांना उलट्या. अंधारात निघायचं आणि दुपारचा वारा उठायच्या आत कुठंतरी काठाला लागायचं, एवढंच टाइमटेबल. वारा वायव्येकडनं म्हणून तो पाठीवर घेऊन खाली दक्षिणेला. मुरगाव बंदराजवळ मोठी जहाजं असतात, तिथं कयाक टेम्पोत घालून पुढं नेले, हे पण लिहितो, कारण सत्काराला बोलावतात ते सगळं अंतर वल्हवलं असं छापतात.

मांडवीचं तोंड ओलांडून करंझाळ्याला टेकलो तर लोक रापण, म्हणजे काठावरनं खेचायचं जाळं, ओढत होते. आम्ही पण दोरीला हात लावला. जाळं वर आलं, आत थोडे तारले, चार-पाच बांगडे आणि बाकी आपलाच संसार, म्हणजे गुटख्याच्या पुड्या, तुटकी चप्पल, कन्नड अक्षरांची दुधाची पिशवी आणि हातभर फ्लेक्सचा तुकडा, त्यावर "र्दिक शुभेच्छा" एवढंच शिल्लक. आता ती पिशवी आमच्याकडनंच आली असं मी म्हणत नाही, ते दूध गोव्यात पण मिळतं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स काय तिथं लागत नाहीत असं नाही. पण मासे निवडत बसलेला म्हातारा म्हणाला, "तुमी खंयचे?" बेळगाव म्हटल्यावर हसला, "थंय दर्या खंय आसा?" आणि मग हात न थांबवता, "पावसांत सगळें वयल्यानच येता." वयल्यान म्हणजे वरनं. वर म्हणजे आम्ही.

गोव्यातल्या गालजीबागला कासवांची अंडी जपायला किनाऱ्यावर कुंपण घालतात, मच्छीमारांना पावसाळ्यात दोन महिने बंदी असते, समुद्राचं काय करायचं ते त्या लोकांना आमच्या टी-शर्टवरनं कळायची गरज नाही. आम्ही उलट्या दिशेला जनजागृती करत होतो असं परतीच्या गाडीत वाटायला लागलं.

आमच्याच जिल्ह्यातल्या कणकुंबीला जाऊन बघा. तिथं मलप्रभा उगम पावते, पूर्वेला कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. तिथलाच कळसा नाला म्हादईला जातो, म्हादई म्हणजेच पुढं मांडवी, ती पणजीला अरबी समुद्रात. एका गावात दोन बाटल्या टाकल्या तर दोन समुद्रांत जातील अशी जागा. २०१८ साली लवादानं म्हादईचं पाणी वाटून दिलं, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, त्यावरनं अजून गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्ही राज्यं कोर्टात. पाण्याच्या थेंबाथेंबाला मालक आहे, पाण्यातल्या बाटलीला मात्र कुणी माझी म्हणत नाही.

बेळगावचा बळ्ळारी नाला शेतात शिरतो ते तर आपण दर पावसाळ्यात छापता. माझं अर्धा एकर येळ्ळूर शिवारात आहे. पाणी उतरलं की भाताच्या मुळात अडकलेले डायपर, थर्माकोल, पाण्याचे पाऊच मी हातानं काढतो. शेतात अडकलं ते निदान उचलता येतं, न अडकलेलं मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा करत पुढं जातं. उन्हाळ्यात नाला उपसतात तो गाळ काठावरच रचून ठेवतात आणि पहिल्या वळिवाला परत आत. तो उचलून न्या आणि पुलाखाली जाळी लावा, एवढं मे महिन्याच्या आत झालं तर पुरे. आणि चोर्ला घाटातनं येताना कणकुंबीच्या चेकपोस्टला गोव्याची दारू शोधायला डिक्की उघडतातच, तर जाताना पाण्याच्या बाटल्या किती आणि येताना किती, हे पण मोजायला काय हरकत आहे?

एक कबुली द्यायची राहिली. आम्ही निघालो तेव्हा मित्रांनी चौकात आमच्याच शुभेच्छांचा फ्लेक्स लावला होता, चौघांचे फोटो, मागं डॉल्फिन. परत आलो तर एका बाजूची दोरी तुटून तो गटारीवर लोंबत होता. रात्री शिडी लावून मी तो उतरवला. गुंडाळी करून गच्चीवर ठेवलाय, दहा बाय आठ फूट आहे, भंगारवाला घेत नाही.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव