घाटी म्हणजे नक्की कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

"काय घाटी कपडे घातलेस" हे आता वाशीच्या मॉलपासून ठाणे स्टेशनपर्यंत कुठंही ऐकू येतं, आणि बोलणारी पोरं बऱ्याचदा मराठीच असतात. गावंढळ, इंग्लिश न येणारा, मोठ्यानं बोलणारा म्हणजे घाटी, असं त्यांच्या डोक्यात फिट बसलंय. मूळ अर्थ एवढाच की घाटावरचा माणूस. सह्याद्रीच्या वर देश, खाली कोकण आणि चढायउतरायला बोरघाट, कसारा, कुंभार्ली, नाणेघाट अशा वाटा. युरोपियन लोकांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगराला लावलं म्हणून आपण पण पश्चिम घाट म्हणतो. गोव्यात पण वरून आलेल्याला घाटीच म्हणतात. (संभाजीनगरला "घाटीत नेलंय" म्हणजे सरकारी दवाखान्यात, तिथं कोणाला राग येत नाही!)

शिवी झाली ती मुंबईत. सातारा, कोल्हापूर, नगर, पुण्याकडनं माणसं गिरणीत, गोदीत, हमालीला आली, एकेका खोलीत दाटीवाटीनं राहिली, कोण शेठच्या घरी भांडी घासायला लागलं, मग घरगडी म्हणजेच घाटी झाला. कामाला कमी लेखायचं होतं, शब्द आयता सापडला.

आमच्या कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची, म्हणजे बाजारात ओझी वाहणाऱ्या हमालांची, भरपूर घरं आहेत, मसजिद बंदरचा बाजार तुर्भ्याला आला तशी ही लोकं पण इकडं आली. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी ह्याच लोकांची युनियन बांधली आणि १९६९ ला माथाडी कायदा झाला, पाठीवर पोती वाहणाऱ्याला फंड, बोनस मिळायला लागला. हे घाटी लोकांनी करून दाखवलंय.

इथले आगरी-कोळी आम्हाला घाटी म्हणतात त्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, १९७० ला नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, जमिनी त्यांच्या गेल्या आणि राहायला आलो आम्ही, थोडा राग असणारच की. पण माझा पुतण्या, ज्याच्या आजोबांनी जन्मभर पोती उचलली, तो वॉचमनच्या चपलेला घाटी म्हणतो तेव्हा डोकं फिरतं.

आणि साहेब, पेपरच्या पुरवण्यांत पण विनोदासाठी हा शब्द सर्रास छापतात, तेवढं जरा बघा.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे